भामाबाईचा फोन

शिरूर कासारहून निघालेला रस्ता माळ चढतो आणि पलीकडच्या उतारावर जिथं डांबर संपतं, तिथं हिंगणदरा. विहिरी भरपूर, पाणी नावाला. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, तान्ही लेकरं असं सगळं वर चढतं आणि गाव ऊस तोडायला निघून जातं. कुणी सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. परत येतं ते गुढीपाडव्याच्या पुढं. तोवर गावात राहतात कुलपं, कुत्री आणि म्हातारीकोतारी माणसं. आणि या म्हाताऱ्या माणसांची एक खोड आहे. गाव भरलेलं असताना ती टुणटुणीत असतात, कुणाच्या लग्नात चार पोळ्या जास्तच खातात, आणि पोरं हजार कोसांवर गेली, थंडी पडली की नेमकी मरतात.

मग फोन करायचा कुणी? भामाबाईनं.

भामाबाई साठीच्या अलीकडची, सडपातळ, आवाजानं मऊ. तिच्याकडं साधा बटणांचा फोन होता आणि साऱ्या गावाचे नंबर त्यात भरलेले होते. गावात कुणी डोळे मिटले की बाया ऊर बडवायच्या आधी तिला बोलावत. ती यायची, मेलेल्या माणसाच्या उशाशी बसायची, हातानंच सगळ्यांना गप्प करायची. बाया पदराचा बोळा तोंडात कोंबून थांबायच्या. मग ती पोराला फोन लावायची.

"आरं, तुज्या बापाला जरा कसंतरीच हुतंय. आत्ता दोन घोट च्या घेतला बग. तुजं नाव काढतोय, तवा येऊन जा. गडबड करू नगं. जेवून निघ, यष्टीनं ये, मोटारसायकल आजाबात काढायची न्हाई."

चहा घेतलेला बाप धोतराखाली झाकलेला असायचा.

पोरगा निघायचा. रात्रभर आशेवर प्रवास करायचा. गावच्या शिवेवर चार माणसं उभी दिसली की त्याला कळायचं, पण तोवर त्याच्या काखेत हात घालायला ती चार माणसं असायची. गावात म्हणत, "भामाबाई मेलेल्याला शिवेपर्यंत जित्ता ठेवती." हे कौतुकानंच म्हणत. तिची ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. तरी ज्याच्यावर वेळ यायची तो विश्वास ठेवायचाच. माणसाचं मन असंच येडं असतं.

ही रीत तिनं हौसेनं नव्हती काढली. तिचा नवरा म्हाळू आणि ती दोघं मिळून एक कोयता होती. ऊसतोडीत जोडप्यालाच कोयता म्हणतात. एका साली उसाच्या फडात असताना म्हाळूची आई गावाकडं वारली. फोन केला तो म्हाळूच्या मित्रानं, सिदूनं. सिदू मनानं सोन्यासारखा, पण बोलायला दगड. "तुजी माय गेली बे," एवढंच तो म्हणाला. म्हाळू कुणाची तरी मोटारसायकल घेऊन रडतच निघाला, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. आईच्या चितेशेजारीच त्याची चिता रचली. भामाबाई त्या दिवसापासून अर्धा कोयता झाली, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. ती गावातच राहिली. सिदूनंही फड सोडला, शेरडं पाळली, आणि पुन्हा कधी फोनला हात लावला नाही. भामाबाईनं त्याला कधी शब्दानं बोल लावला नाही. फक्त त्यानंतर गावातला असा प्रत्येक फोन तिनं आपल्याकडं घेतला.

आता तात्याबाची गोष्ट.

तात्याबा म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही अशातला. तो भामाबाईच्या शेजारी राहायचा. बायको सुंदरबाई दोन-तीन वर्षांमागं गेली. एकुलता पोरगा सोमेश्वर, सून वर्षाराणी, आणि जेमतेम वर्षभराची नात आरोही. जन्मभर बैलगाडीनं ऊस ओढलेला हा माणूस. यंदा सोमेश्वरनं बैल विकले आणि ट्रॅक्टरवाल्या टोळीत नाव घातलं. झालं! म्हाताऱ्यानं अबोला धरला.

गावाची एक चाल आहे. टोळी निघाली की घरातलं वडील माणूस निघणाऱ्याच्या तळहातावर दही घालतं. ते चाटायचं, पाया पडायचं आणि मागं न बघता गाडीत चढायचं. सुंदरबाई गेल्यापासून ते काम तात्याबाकडं होतं. त्या दिवशी सोमेश्वर हात पुढं करून उभा राहिला. तात्याबा भिंतीकडं तोंड करून बसलेला.

"दादा, गाडी थांबलीय," तो बापाला म्हणाला.

"बैल हायती का म्होरं? मंग दही कुनाच्या हातावर घालू? ट्याक्टरच्या?"

वर्षाराणी हसली, सोमेश्वरला मात्र लागलं. तो रिकामा हात पँटीला पुसत गाडीत चढला. गाडी माळावर चढेस्तोवर तात्याबा भिंतच बघत होता. गाडी दिसेनाशी झाली आणि त्यानं दह्याची वाटी कुत्र्यापुढं ठेवली. मग दोन दिवस जेवला नाही. असल्या माणसाचं करायचं तरी काय?

पौषातल्या एका सकाळी तो अंगणात पडला. अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं. सिदूनं जीप आणली, तालुक्याला नेला. डॉक्टरांनी बघितलं, सुई दिली, म्हणाले, वय झालंय, आता घरी न्या आणि सेवा करा. आणून खाटेवर टाकला तेव्हा त्याला अजून थोडं बोलता येत होतं. त्यानं भामाबाईला जवळ बोलावलं.

"भामे, सोमाला बलीव. दही... ऱ्हायलंय."

"बलीवते तात्या."

"खोटं बोलून न्हाई. खरं सांगून बलीव."

एवढं त्याचं शेवटचं धड बोलणं.

भामाबाई फोन लावत बसली. सोमेश्वर फडात, फोन खोपीत. तो लागला दिवस कलताना, आणि तोवर तात्याबाची जीभ पुरती बसली होती. डोळे तेवढे जागे.

"बोला काकू," सोमेश्वर म्हणाला. त्याचा आवाज आधीच पडलेला होता. फोनवर भामाबाईचं नाव आलं तेव्हाच तो मटकन खाली बसला होता.

"सोमा, तुज्या दादाला वारं गेलंय. पर हाय त्यो. तुजी वाट बगतोय. आत्ताच्या आत्ता निघ."

 पलीकडून हुंदका आला.

"लई तरास झाला का त्यांला?"

"आरं कशाचा तरास? जित्ता हाय त्यो, हितं माज्या म्होरं!"

"हां काकू."

"नुस्तं हां नगं म्हनू. म्हाळूची आन घेऊन सांगते."

"काकू, मायच्या वक्ताला बी तुमी असंच म्हनला व्हता. संत्री मागतीय म्हनला व्हता. मी संत्री घेऊन आलतो."

 ती संत्री भामाबाईला आठवत होती. सुंदरबाईच्या तिरडीजवळ ती पिशवी फुटून अंगणभर झाली होती, आणि तिनंच ती वेचली होती.

फोन तिनं तात्याबाच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्यानं जीव खाऊन घशातून काहीतरी काढलं. पलीकडं ट्रॅक्टर सुरू होता. सोमेश्वरला खरखर तेवढी ऐकू गेली. तेव्हा सिदू, इतक्या वर्षांत फोनला न शिवलेला सिदू, पुढं आला आणि त्यानं फोन ओढून घेतला.

"सोम्या, खरंच जित्ता हाय बे तुजा बाप!"

"सिदूकाका, तुमी बी?" सोमेश्वर म्हणाला. "तुमी तरी खरं बोलाल वाटलं व्हतं."

मग तो डोळे पुसून शहाण्यासारखं बोलू लागला. आरोहीला ताप होता, वर्षाराणी खोपीवर एकटी, लेकरू मांडीवरून उतरत नव्हतं. "माज्यासाटी मानूस ताटकळत ठिवू नका. चुलत भावाच्या हातानं अग्नी द्या. मी दहाव्याला येतो." आणि त्यानं फोन ठेवला. जिवंत बापाला जाळायची परवानगी देऊन ठेवला, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यात त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

शाळेच्या गुरुजींकडं मोठा फोन होता. व्हिडिओवर तोंड दाखवावं म्हटलं तर दऱ्यात रेंज टिकेना. शेवटी त्यांनी फोटो काढून पाठवला. तात्याबा उताणा, डोळे अर्धवट मिटलेले, भोवती पदर डोक्यावर घेतलेल्या बाया. फोटो पोचला. उत्तरात सोमेश्वरनं दोन हात जोडलेले पाठवले. भलं करायला गेले आणि उरलासुरला संशयही फिटला. मुकादमाला फोन केला, वर्षाराणीला केला. साऱ्या टोळीला भामाबाईचा फोन म्हणजे काय ते ठाऊक. जो तो हळू आवाजात "व्हय व्हय" म्हणे. एकानं तर "मयताला मानसं हायती का पुरेशी?" असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी सोमेश्वरचा फोन लागलाच नाही.

इकडं तात्याबा जाईना. डावा हात त्यानं छातीवर उलटा ठेवला होता, तळवा वर, बोटं जरा वाकलेली. तोच हात मधूनच उचलून तो दाराकडं करायचा आणि भामाबाईकडं बघायचा. काय विचारतोय हे कुणालाही कळलं असतं.

खरं सांगून बोलव, असं तो म्हणाला होता. खरं सांगून बघितलं होतं. आता त्याला काय सांगायचं? तुझ्या पोरानं तुला जाळायला सांगितलंय, हे?

"निगालाय सोमा," भामाबाई म्हणाली. "गाडीत बसला."

म्हाताऱ्याचा हात खाली आला.

मग ती उठली, सिदूकडून दूध आणलं, विरजण लावलं. ताजं दही, वाटीत झाकून खाटेखाली. आणि दर थोड्या वेळानं ती पोराला जवळ आणत राहिली. सोलापूर सोडलं म्हणे. आता बार्शी झाली. गाडीत गर्दी लई हाय, उभाच हाय बिचारा. तात्याबा ऐकायचा. सोलापूरहून बार्शीला यायला एवढा वेळ लागतो का, हे त्या बैलगाडीनं जन्म काढलेल्या माणसाला खटकलं नसेल. दिवस गेला, रात्र गेली. बीडला उतरला, असं तिनं सांगितलं तेव्हा दाराबाहेर बसलेला सिदू उठून शेरडांकडं निघून गेला. त्याला ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्याबाला घरघर लागली. आता पुढं ढकलायला रस्ताच उरला नव्हता. भामाबाईनं त्याच्या डोक्याखाली हात घातला आणि कानाशी वाकून म्हणाली, "तात्या, शिवंत आला बगा सोमा. माळ उतरतोय. ह्यो काय आलाच."

म्हाताऱ्यानं मान दाराकडं वळवली. डावा हात दह्याच्या वाटीसाठी खाली चाचपडला. वाटी हाताला लागली, आणि बोटं दह्यातच राहिली.

कितीतरी मेलेल्यांना तिनं शिवेपर्यंत जिवंत ठेवलं होतं. या जिवंत माणसासाठी पोराला मात्र तिला शिवेच्या आत आणता आलं नाही. त्या सकाळी ऊर बडवायला तिनंच सुरुवात केली. गावानं तिला असं रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

अग्नी पुतण्यानं दिला. माणसं परतून हातपाय धूत होती तोच सोमेश्वरचा फोन आला. भामाबाईच्या मनात दोन दिवस आग होती. फोन घेतला तो फाडफाड बोलायच्या तयारीनंच.

"काकू, नीट झालं का सगळं?" तो म्हणाला. "आरोहीचा ताप उतरला आता. काल लई वंगाळ गेलं. पर काकू, दादा असतं ना, तर मी तसलं तापलेलं लेकरू टाकून पळत आलो असतो. त्यांनी मला दही न्हाई दिलं, तरी मी आलो असतो."

 खरं भामाबाईच्या जिभेवर होतं, आणि ते खरं असं होतं की पोरगा जन्मात पुन्हा उभा राहिला नसता. म्हाळू तिच्या डोळ्यांपुढं आला, मोटारसायकलला किक मारताना.

"झालं रे बाबा," ती म्हणाली. "फोन केला त्याच दिशी सांजच्याला दिला अग्नी. मी आपलं सवयीनं बोलले तुला. राग धरू नगं."

"तुमच्यावर कसला राग, काकू."

फोन ठेवल्यावर तिनं बघितलं तर सगळे तिच्याकडं बघत होते. गाव म्हाताऱ्यांचं; समजायला कुणाला काही सांगावं लागलं नाही. एक गोष्ट तेवढी उरली. पोरगा दहाव्याला येणार तो आपल्या हिशेबानं येणार. म्हणजे खऱ्या दहाव्याच्या दोन दिवस आधी. शिरूरहून येणाऱ्या भटजींच्या कानावर घातलं तेव्हा ते चपापले. "अहो बाई, हे शास्त्रात बसत नाही."

"म्हाराज, शास्त्र त्या पोराला उचलून हुबं करनार हाय का?"

 भटजी पोराच्या दहाव्याला आले.

सोमेश्वर आला, केस उतरवले, ओढ्याकाठी पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसले होते, खाली एक उतरेना. माणसं वाट बघत उन्हात उभी. सोमेश्वर हात जोडून म्हणाला, "दादा, बैल परत घेतो." कावळा हलला नाही. "आरोही मोठी झाली की तिला गावात ठेवतो, शाळंत घालतो." नाही.

"कसा शिवंल?" सिदू पुटपुटला. "दिस तरी भरलेत का?"

भामाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो खोकायला लागला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले. सोमेश्वर घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"माज्यावरचा राग गेला न्हाई त्यांचा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. पिशवी खांद्याला लावली तेव्हा भामाबाई वाटी घेऊन आली.

"हात कर म्होरं."

त्यानं बघितलं आणि हात मागं घेतला. "नगं काकू. तुमी घालून काय उपेग?"

"मी न्हाई घालत. तुज्या दादानं घालाया सांगितलंय. पडला त्या दिशी, बोलता येत व्हतं तवर. सोमाचं दही ऱ्हायलंय, म्हनला. दुसरं काय बी बोलला न्हाई."

"खरं?"

"खरं."

सोमेश्वर तिच्या तोंडाकडं बघत राहिला. भामाबाई काकू खरं बोलते की मन राखते, हे तो शोधत होता. मग बारीक हसला, जसं लहान लेकराच्या समजुतीला मोठं माणूस हसतं. "लई चांगल्या हाव तुमी, काकू," म्हणाला. तिच्यासाठी म्हणून हात पुढं केला, दही चाटलं, पाया पडला आणि मागं न बघता जीपमध्ये बसला.

खऱ्या दहाव्याला सकाळी भामाबाई आणि सिदू दोघंच ओढ्यावर गेले. तिनं भाताचा पिंड ठेवला, वर चमचाभर दही घातलं आणि बाभळीकडं तोंड करून म्हणाली, "तात्या, पोराच्या हातावर दही घातलं बरं का. त्यानं खाल्लं. ह्यात खोटं कायबी न्हाई."

बोलणं पुरतं होईस्तोवर कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

"बग," सिदू डोळे पुसत म्हणाला. "त्याला पटलं."

"त्याला पटलं रे," भामाबाई म्हणाली. "ज्याला पटाया पायजे व्हतं, त्याला न्हाई पटलं."